घोरपडे सरांची माहेरवाशीण

घोरपडे सर पहिल्या भेटीत नाव विचारत नसत, माहेर विचारत.

आम्ही लखनौच्या इंदिरा नगरात त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टेम्पो दारात उभा, माझ्या एका हातात कुकर, दुसऱ्या हातात देवाचा डबा, आणि जिन्यावरून पांढरा डगला घातलेले एक उंच, हडकुळे गृहस्थ उतरत आले. मला वाटलं, चला, घरमालक डॉक्टर आहेत, बरं झालं.

"माहेर कुठलं?"

"नागपूर."

"शेवटचं कधी गेला होता?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. रिपोर्ट वाईट आल्यावर डॉक्टर बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चूक केलीत, वहिनी. दर वर्षी जावं. निदान दोन महिने राहावं. नाहीतर गुणसूत्र गळतं." एवढं बोलून ते पिशवी घेऊन सब्जी आणायला निघून गेले. मी कुकर हातात धरून तशीच उभी. अशोक, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "घर चांगलं आहे. माणसाचं बघू."

माणसाचं बघण्यात पुढची नऊ वर्षं कशी गेली ते मला आता नागपुरात बसून नीटसं सांगताही येत नाही.

सर डॉक्टर होते, पण बुरशीचे. लखनौच्या ऊस-संशोधनाच्या संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी डगला सुटला नाही. सब्जी आणायला डगला, मराठी मंडळाच्या गणपतीला डगला, एकदा तर आमच्या मुग्धाच्या वाढदिवसाला इस्त्री केलेला नवा डगला. उसाला 'लाल कूज' नावाचा रोग होतो. वरून ऊस ठणठणीत, पानं हिरवी, आणि आत चिरला तर लालभडक. तो करते एक बुरशी, आणि त्या बुरशीवर सरांचा जीव.

"चिरल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं पेटंट वाक्य. कलिंगड घेताना हेच, मलिहाबादचा दसेरी आंबा घेताना हेच. मंडळात कुणी कुणाचं स्थळ सुचवलं की कोपऱ्यातून आवाज यायचा, "चिरल्याशिवाय बोलू नये हो." मुलीकडचे दचकायचे.

बाजारातल्या रसवाल्यानं त्यांची इतकी धास्ती घेतली होती की लांबून डगला दिसला की तो घुंगरांचं चाक थांबवायचा. "आ गए डाक्टर साहब. अब सारा गन्ना चिरवाएँगे." आणि सर खरंच चिरायला लावायचे. एक ऊस, दुसरा ऊस, तिसरा. एखादा आतून लाल निघाला की तो बिचारा हात जोडायचा, त्याला वाटायचं आता दुकान बंद होणार. पण सर खुश! तो सडका ऊस चांगल्याच्या भावानं विकत घ्यायचे, नाकाशी धरून दारूसारखा आंबूस वास छाती भरून घ्यायचे आणि विचारायचे, "भैया, कौन से गाँव का है?" पुढच्या रविवारी स्कूटरला लाथ मारून त्या गावाला. येताना पिशवीत नवी मुलगी.

हो, त्या बुरशीला मुलगीच म्हणायचे ते. निवृत्त झाल्यावरही जुन्या-नव्या सगळ्यांच्या नळ्या घरच्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी साधं विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं किती?" सर म्हणाले, "मुलगा एक, कॅनडात. मुली चाळीस." सासूबाईंना पाणी द्यावं लागलं.

एकदा त्यांनी मला त्या मुलींचे फोटो दाखवले. मी चहा ठेवून ऐकायला बसले, कारण नाही म्हटलं तरी ते सांगणारच होते. काळ्या कागदावर पांढऱ्या पट्ट्या, एकीखाली एक, शिडीसारख्या. "ही गुणसूत्रं. जेलीतून वीज सोडली की मोठी मागे राहतात, बारीक खाली पळतात. ही सीतापूरची, ही हरदोईची, ही लखीमपूरची. वरच्या पायऱ्या बघा, सगळ्यांच्या साधारण सारख्या. आता खाली बघा."

खाली मात्र कुणाच्या दोन बारीक पट्ट्या, कुणाची एक, कुणाची जरा लांब, कुणाच्या पायथ्याशी काहीच नाही.

"एकाच जातीच्या ना या? मग असं कसं?" मी विचारलं.

"तिथंच तर मजा आहे!" सर उठून उभेच राहिले. "हे खालचं बारीक गुणसूत्र जगायला लागतच नाही, वहिनी. नळीत ठेवा, साखरेची जेली खायला घाला, ते नसलं तरी पोरगी मजेत वाढते. ते लागतं फक्त उसात शिरायला. आणि बसून खायला मिळालं की काय होतं? वापरात नाही म्हणून हळूहळू गळतं. मग ती जिवंत असते, गुबगुबीत असते, पण उसाच्या दारात नेऊन ठेवली तर आत कसं जायचं ते तिला आठवत नाही."

शेजारच्या खोलीतून मुग्धा ओरडली, "मम्मी, मेरा चार्जर कहाँ है?" मी मराठीत सांगितलं, टेबलावर. ती म्हणाली, "अच्छा, मिल गया."

सर फोटो गोळा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर वर्षी पाठवत जा तिला."

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. माझी आई गेली, भावानं घर विकून फ्लॅट घेतला, आता नागपूरला पाठवू कुणाकडे? पण त्या माणसावर राग धरायची सोय नव्हती. संध्याकाळी ते जिन्यावर उभे राहून विचारणार, "वहिनी, भाकरी टाकताय का? एक जास्त टाका."

तर या चाळीस मुलींचं गुणसूत्र गळू नये म्हणून सरांनी एक रीत घालून घेतली होती. गच्चीवर निळे ड्रम अर्धे कापून त्यांत ऊस लावलेले, भोवती मच्छरदाणीची जाळी. दर वर्षी मुलींनी पाळीपाळीनं उसात जाऊन राहून यायचं. ज्यांच्यात ते गुणसूत्र शिल्लक असतं त्याच उसात जगतात, वाढतात, आणि त्यांनाच परत नळीत घ्यायचं. सर याला माहेरपण म्हणत. नागपंचमीला पाठवणी. उसाच्या खालच्या कांड्याला बारीक भोक पाडायचं, सुईनं आत सोडायचं, वर मातीचा लिंबाएवढा गोळा लावून भोक बंद. तुळशीचं लग्न झालं की ऊस चिरून मुलीला परत आणायचं आणि उरलेलं सगळं मुळासकट जाळून टाकायचं. "हे नियमात बसतं का हो?" मी एकदा विचारलं. "इथून दहा कोसांत उसाचं शेत नाही, आणि मी राखसुद्धा भाजून टाकतो," म्हणाले. राख कशी भाजतात ते मी विचारलं नाही.

बाकीच्यांची पाळी दोन-तीन वर्षांनी यायची. एक मात्र दर वर्षी जायची, तिचं नाव सुमन. बाकी सगळ्या गावांच्या नावाच्या, हिलाच तेवढं माणसाचं नाव. "ही कोण?" म्हटल्यावर "ती पहिली," एवढंच उत्तर. आणि सुई उसात सोडताना बाकीच्यांना काही नाही, हिला मात्र ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं.

"जा. पोटभर खा. लवकर ये म्हणत नाही. पण ये."

मी खाली येऊन अशोकना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. पुढे कित्येक दिवस ते ऑफिसला निघाले की मी त्यांना तेच म्हणायची.

आता एका वर्षीचं सांगते. पावसाळ्यात सरांची जुनी विद्यार्थिनी रेहाना आली. आता ती संस्थेतच शास्त्रज्ञ आहे. संस्थेत ठेवलेल्या सुमनचा नवा फोटो तिनं आणला होता. जिन्यातच म्हणाली, "सर जी, बुरा मत मानिएगा. सबसे नीचे वाली पट्टी ग़ायब है." संस्थेतली सुमन वर्षानुवर्षं नळीतच राहिली होती. सरांनी फोटो उजेडात धरला, चष्मा पुसून परत धरला. दोन दिवस त्यांनी भाकरी मागितली नाही.

राहिली घरची सुमन. तिला त्यांनी नागपंचमीला ठरल्याप्रमाणे उसात पाठवलं. आणि सप्टेंबरात, सर डेंग्यूनं दवाखान्यात असताना, तो जुना फ्रिज बंद पडला. आम्ही सगळे दवाखान्याच्या धावपळीत, फ्रिजकडे कोण बघतो? आठ दिवसांनी उघडला तर सगळ्या नळ्यांत हिरवा कापूस, भलतीच बुरशी. बाकीच्यांच्या जोड्या संस्थेत होत्या, त्या धड होत्या. सुमनची तेवढी धड नव्हती. म्हणजे खालच्या गुणसूत्रासकट सुमन जगात कुठे असेल तर आमच्या डोक्यावरच्या गच्चीत, उसाच्या पोटात. सरांनी हे मला तीनदा सांगितलं. मला पाठ होतं.

नोव्हेंबरात त्यांना चार दिवस बाहेरगावी कुणाच्या तरी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायला जायचं होतं. गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. "पाणी घाला. बाकी काही करू नका."

आणि मी केलं.

अहो, ऐकून तरी घ्या. लखनौमध्ये एकादशीच्या आधी गल्लीगल्लीत उसाचे भारे उभे असतात. पण आपल्या मराठी मंडळाचं तुळशीचं लग्न सोयीच्या रविवारी, आणि तोवर भारे गायब. दुपारी चार वाजता मंडळाच्या बायका माझ्या अंगणात, तुळस नटून बसलेली, अंतरपाट तयार, मांडवाला ऊस नाही. अशोक भूतनाथ मार्केटपर्यंत जाऊन हात हलवत आले, रसवालाही नेमका गावी गेलेला. सरांना फोन केला, तीनदा केला, बंद. परतीच्या गाडीत बसले असणार.

मी गच्चीवर गेले. त्या वर्षी पाचच ऊस होते. दोघांना पिवळा दोरा बांधलेला, तिघांना काही नाही. मातीचे गोळे पाचांनाही. मी विचार केला, विचार केला हो, अगदी शांतपणे केला. ज्याला जपायचं त्यालाच खूण करतो ना माणूस? म्हणजे दोरेवाल्यांत सुमन. मी त्या दोघांना नमस्कार केला, पाणी घातलं आणि बाकीचे तीन मातीलगत तोडले. मांडव असा देखणा झाला! सगळ्यांनी फोटो काढले. मंगलाष्टकं झाली, अंधारात घाईघाईनं उसाचे तुकडे केले, बोरं-आवळ्यांबरोबर प्रसाद म्हणून सगळ्यांच्या घरी गेले.

सोमवारी सकाळी सर आले, पिशवी ठेवून सरळ गच्चीवर गेले. मी खाली पोहे करत होते. वरून काहीच आवाज येईना म्हणून मी गेले. सर तीन बुंध्यांसमोर उकिडवे बसले होते. चाकूनं चिरून बघितले होते, आतून पांढरेच होते.

"इथवर पोचली नाही," ते म्हणाले. "वरचा ऊस कुठाय?"

"सर, दोरेवाले आहेत ना! त्यांना मी बोटही लावलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "ते कंट्रोल आहेत, वहिनी. त्यांच्यात तुलनेसाठी नुसतं पाणी सोडलंय. त्यांना मी ओळखत नाही म्हणून दोरा बांधावा लागतो. सुमनला खूण कशाला करू? यंदा ती एकटीच गेली होती."

मी तिथंच ड्रमच्या कडेवर बसले आणि रडायला लागले. सर डगल्याची बटणं चाचपत म्हणाले, "रडायला वेळ नाही. प्रसाद कुणाकुणाला दिला?"

अशी आम्ही दोघं स्कूटरवरून प्रसाद परत मागायला निघालो.

आधी कॅन्टोन्मेंट. मेजर सावंतांची बायको दारातच म्हणाली, "वहिनी, तुमचा ऊस आंबट होता हो. मुलांनी थू थू करून टाकला."

"आंबट?" सर मागून उसळले. "वा! कुठाय?"

"माळीदादांनी पाल्याबरोबर जाळला सकाळीच."

"जाळला ते उत्तम केलं," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की सावंतांच्या बायकोनं त्यांना बसायला खुर्ची दिली.

मग निशातगंजचे लेले. लेल्यांनी तुकडा चक्क खाल्ला होता, अख्खा. "छान होता. जरा चढल्यासारखं वाटलं, पण छान होता." सर त्यांच्या पोटाकडे बघत राहिले. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. आणखी चार घरं झाली. कुणी कचऱ्याच्या गाडीत टाकलेला, कुणाचा चिरला तर मेला पांढराशुभ्र निघाला, शेंड्याकडचा. दुपारचे दोन वाजले, पोटात अन्नाचा कण नाही. यादीत एकच घर उरलं होतं, जुन्या लखनौतल्या चौक भागातलं.

चौकात आपल्याकडची गलाईवाली माणसं आहेत. सांगली-विट्याकडून येऊन सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा त्यांचा धंदा. त्यांतली मंगल पाटील मंडळाला अधूनमधून यायची. गल्लीत स्कूटर जाईना. ती बाहेर ठेवून, चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांमधून, रिक्षांना चुकवत आम्ही तिच्या घरी पोचलो. खाली भट्टी, वर घर. मंगल आम्हाला बघून गडबडली.

"ऊस? व्हय, आहे की. खाल्ला न्हाई. कोंबाचा डोळा झ्याक होता म्हणून बादलीत लावलाय वर."

"लावला?" आम्ही दोघं एकदम.

"गावची आठवण म्हणून वो. आमच्या दाराम्होरं ऊसच होता. हितं गन्ना मिळतो, पर लावलेला कुठं दिसतोय?"

गच्चीवर ऊन होतं. प्लॅस्टिकच्या लाल बादलीत माती घालून तिनं तो हातभर तुकडा आडवा पुरला होता, आणि वर, काय सांगू, हळदीकुंकू वाहिलं होतं. सरांनी दोन्ही हातांनी माती उकरली. तुकडा धुतला. त्याच्या एका टोकाला मातीच्या गोळ्याची खूण अजून दिसत होती. मी डोळे मिटून घेतले. चाकूचा आवाज आला, आणि मग तो वास, आंबूस, दारूसारखा.

उघडून बघितलं तर आत लालभडक, आणि लालात आडवे पांढरे ठिपके.

"आहे," सर म्हणाले. "अजून ओळखते."

ते बादलीच्या शेजारी खाली बसले. मंगलनं पाणी आणलं. तुकड्याकडे बघून म्हणाली, "लाल पडलाय की. आमच्याकडं असला ऊस टाकत्यात. कुठला हो हा?"

"ऊस इथलाच, ताई. आतली मुलगी तुमच्याकडची. वाळव्याची."

"अगं बाई! वाळवं तर आमच्या मावशीचं गाव."

आणि मग, माझ्याशी इतक्या वर्षांत न बोललेलं ते सर त्या परक्या बाईला सांगत सुटले. बहुधा ती त्या बाजूची होती म्हणून. नवीन लग्न झालेलं. पहिल्या दिवाळीला जावई म्हणून वाळव्याला गेलेले. तुळशीच्या लग्नापर्यंत राहायचं ठरलेलं. लग्नाच्या दिवशी मांडवाच्या उसाचं एक पान पिवळं दिसलं, आणि यांना राहवेना. मंगलाष्टकं चालू असताना उठून ऊस ओढून काढला आणि सासऱ्यांसमोर चिरला.

"लाल निघाला. तसली मी आधी पाहिली नव्हती. ऊस वाळला असता तर गेली असती, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघालो. सासूबाई म्हणत होत्या, पौर्णिमेपर्यंत तरी पोरीला ठेवा. मी ऐकलं नाही. पहिली दिवाळी होती तिची." सरांनी डगल्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. झाशी गेल्यावर म्हणाली, या बुरशीला माझं नाव द्या. हिचे तरी लाड होतील."

मंगलनं पदर तोंडाला लावला.

"मग दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नेतो. एकदा प्रोजेक्ट, एकदा विद्यार्थ्यांचे प्रबंध. बुरशीला मात्र दर नागपंचमीला पाठवायचो, संशोधन होतं ना ते. एका वर्षी तिनंच माझ्या हातातली सुई घेतली. म्हणाली, आज मी पाठवते. आणि उसाला म्हणाली, जा गं. पोटभर खा. लवकर ये म्हणत नाही. पण ये." त्यांनी तुकडा हातात फिरवला. "तिला कुणी असं म्हटलंच नाही. मी म्हणायला हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात गेली ती. ताप आला, आठ दिवसांत संपलं."

मला आठवलं, हे वाक्य मी हसत हसत अशोकना रोज ऐकवलं होतं. जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

मंगलनं कुणाला न विचारता पिठलं-भाकरी वाढली. सर तीन भाकऱ्या जेवले. तो तुकडा ओल्या रुमालात गुंडाळून मी मांडीवर धरला आणि इंदिरा नगरापर्यंत एकाही खड्ड्यात त्याला धक्का लागू दिला नाही. थंडी संपता संपता रेहाना नवा फोटो घेऊन आली. जिन्यातून ओरडतच आली, "सर जी, नीचे वाली पट्टी है! है!" त्या दिवशी सरांनी रसवाल्याकडून सगळ्या गल्लीला रस पाजला, एकही ऊस न चिरता. मंगलला त्यांनी दोन निरोगी उसांचे ड्रम स्वतः रिक्षात घालून नेऊन दिले.

पुढच्या नागपंचमीला त्यांनी सुई माझ्या हातात दिली. "म्हणा," ते म्हणाले. मी म्हटलं. त्यानंतर जोवर लखनौत होते तोवर सुमनला मीच पाठवलं.

मग अशोक निवृत्त झाले, मुग्धाला पुण्यात नोकरी लागली, आणि आम्ही नागपूरला यायचं ठरवलं. सरांना सांगायची माझी हिंमत होईना. सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे. फार वर्षं झाली. गळायच्या आत जावं." आणि त्या दिवसापासून भाकरी मागायला जिन्यावर आले नाहीत. मीच वर नेऊन द्यायची. सकाळी बघावं तर ताट तसंच झाकलेलं असायचं.

निघायच्या दिवशी चारबाग स्टेशनला येणार नाही म्हणाले होते. आले. हमालांच्या, गठड्यांच्या गर्दीत लांबून पांढरा डगला दिसला. डब्यात मुग्धाची जागा पकडून बसलेल्या माणसाशी अशोक भांडत होते. सर खिडकीशी आले. खिडकीच्या गजांतून त्यांनी एक पुडकं दिलं, आत सोलून केलेले उसाचे करवे.

"चिरून बघितलाय," म्हणाले. "आतून चांगला आहे."

मी पुडकं मांडीवर धरलं. गाडीनं शिटी दिली. सरांनी गज धरला.

"जा," ते म्हणाले. "पोटभर खा. लवकर ये म्हणत नाही."

आणि थांबले. गाडी हलली. मी वाट बघत होते. ते दोन पावलं चालले, चार चालले, मग गर्दीत मागे पडले. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. मी तोंड गजांना लावून ओरडले, "सर, पुढचं राहिलं!"

आणि सत्तरीतला तो माणूस, डगल्याची टोकं सांभाळत, हमालांना ढकलत, चारबागच्या फलाटावरून खरोखर धावत आला.

"पण ये!" तो ओरडला. "नागपंचमीला ये! तिला पाठवणार कोण?"